सीनियर मुद्दाम डावलतात, टोमणे मारतात. हा छळ म्हणायचा की मीच हळवा आहे? हे मोजता येतं का?

मोजता येतं. पण ‘माझा छळ होतोय का?’ इथून सुरुवात करू नका. फोर्टातल्या माझ्या जुन्या ऑफिसात मला कोणी हे विचारलं असतं, तर मी ‘छे!’ म्हणालो असतो. शिकलासवरला सीए, त्याचा कसला छळ? आमच्याकडे त्याला ‘तयार करणं’ म्हणत. आम्हीपण असेच शिकलो, हे वर.

ही अडचण अभ्यासकांनीही ओळखली होती. नॉर्वेच्या आयनार्सन आणि सहकाऱ्यांची ‘एनएक्यू-आर’ नावाची प्रश्नावली आहे, २००९ची. तिच्या २२ वाक्यांत छळ हा शब्दच येत नाही. कामाला लागणारी माहिती दडवली का? लायकीपेक्षा हलकं काम लावलं का? नोकरी सोडा असं सुचवलं का? गेल्या सहा महिन्यांत हे कितीदा झालं, त्यावर गुण: ‘कधीच नाही’ला १, ‘रोज’ला ५. २०१३ साली नॉर्वेतल्याच पाहणीवरून दोन रेषा ठरल्या, ३३ आणि ४५. तेहेतीसच्या खाली असाल तर छळ नाही, मधे असाल तर अधूनमधून, पंचेचाळीस किंवा वर गेलात तर छळ. रेषा तिकडच्या आहेत, तेव्हा आकड्याला चिकटून बसू नका. कितीदा आणि किती दिवस, हे धरा. स्वीडनचे हाइन्झ लेमन त्याआधीच सांगून गेलेत: आठवड्यातून एकदा तरी, आणि निदान सहा महिने.

मी ती प्रश्नावली आठवून भरली, तेव्हा ३१ आले. मग खुणा करायला लागलो, घरच्या कालनिर्णयवर, आईच्या दुधाच्या खाड्यांशेजारी. सगळ्यांदेखत ओरडले तर ‘ओ’, माहिती दडवली तर ‘मा’. सहा पानं उलटल्यावर ‘ओ’ निघाले दोन. मला वाटत होतं, खरा त्रास तोच. ‘मा’ मात्र २७! क्लायंटची मीटिंग लोअर परळला हलवलेली. मी डोंबिवलीहून लटकत येऊन फोर्टात फायली लावून बसलोय, आणि तिकडे ‘हा आलाच नाही’. असं झालं की मी स्वतःलाच वेंधळा ठरवायचो. पुन्हा भरली तेव्हा ४८.

कायद्याचं म्हणाल, तर २०१३चा कायदा कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळापुरता आहे. असल्या डावलण्याला तो लागू नाही. एचआरकडे जाताना तारखाच हातात लागतात. ‘ते मला सारखे बोलतात’ यावर समोरचा फक्त मान हलवतो.

तेव्हा त्याच दिवशी लिहा, परतीच्या लोकलमध्ये लिहिलंत तरी चालेल: तारीख, काय झालं, समोर कोण होतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर मात्र नको. मी राजीनामा दिला त्याच दुपारी माझा काढून घेतला होता.