ओटीतली माणसं टिकतील कशी

प्रिय डॉक्टर,

सिस्टर सोडून जातात, टेक्निशियन बदली मागतात, उरलेल्यांचा सूर तक्रारीचा आहे आणि ऑपरेशन थिएटरची, म्हणजे ओटीची, जबाबदारी आता तुझ्याकडे आहे. स्नेहभोजन, गौरवपत्रं असे उपाय तुला सुचवले जातील. ते खुशाल होऊ देत, पण त्यांच्यावर विसंबू नकोस. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडलेला भेद ओटीला आजही लागू पडतो: पगार, वरिष्ठांची वागणूक, कामाची जागा बिघडली की माणूस नाराज होतो, पण ती सुधारली म्हणून तो कामात रमतोच असं नाही. काम नीट पार पडलं आणि त्यातला आपला वाटा ओळखला गेला की तो रमतो. पगारासाठी तू जरूर भांड. तो निर्णय मात्र तुझ्या हातात नाही. लिस्ट, म्हणजे दिवसभराच्या शस्त्रक्रियांची यादी, मात्र तुझ्या हातात आहे.

आधी दोन आठवडे प्रत्येक केसची नोंद ठेव: रुग्ण आत घेण्याची ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ, चीर दिल्याची वेळ, बाहेर नेल्याची वेळ आणि उशिराचं कारण. कारणात माणसाचं नाव नको. ‘संमतीपत्र अपूर्ण’, ‘रक्त आलं नाही’, ‘सेट (उपकरणांचा संच) तयार नव्हता’ एवढंच. नावं यायला लागली की लोक ‘इतर’ या रकान्यात खूण करतात आणि सगळी नोंद वाया जाते.

सेटकडे नीट लक्ष दे. १३४ अंश सेल्सिअसला वाफेचं निर्जंतुकीकरण तीन-चार मिनिटांत होतं, एवढंच सर्जनच्या डोक्यात असतं. प्रत्यक्षात धुणं, तपासणं, पॅक करणं, पूर्ण सायकल, वाळणं आणि थंड होणं यात काही तास जातात. घाईने गरम सेट थंड पृष्ठभागावर ठेवला तर आत पाणी धरतं आणि असा ओला पॅक वापरता येत नाही. मग थिएटर आणि सीएसएसडी, म्हणजे निर्जंतुकीकरण विभाग, यांच्यात वादावादी होते. चूक मात्र लिस्ट लावताना झालेली असते: सेट एकच आणि तशाच दोन केसेस पाठोपाठ. म्हणून लिस्ट पक्की होण्याआधी, आदल्या दुपारीच, सीएसएसडीच्या प्रमुखांनी ती पाहिली पाहिजे.

प्रत्येक सर्जनला काय काय लागतं ते लिहिलेलं प्रेफरन्स कार्डही असंच. ग्लोव्हचा नंबर, टाके, पोझिशन, कॉटरीचं (रक्तस्राव थांबवणाऱ्या विद्युत उपकरणाचं) सेटिंग सगळं त्यात असतं, पण ते कधीतरी एकदा लिहिलेलं. मग लागेल ते बाहेरून आणून देणारी सर्क्युलेटिंग सिस्टर दिवसभर धावते आणि वर बोलणीही खाते. कार्डावर दोन याद्या कर: ‘उघडायचं’ आणि ‘हाताशी ठेवायचं, मागितल्यावरच उघडायचं’. केस संपल्यावर काय लागलं नाही आणि काय बाहेरून आणावं लागलं, ते स्क्रब सिस्टरने (सर्जनच्या हाती उपकरणं देणारीने) त्यावर लिहावं आणि महिन्याअखेरीस सर्जनने तिच्यासोबत बसून कार्ड बदलावं. तिच्या अनुभवाला मान देण्याचा याहून सरळ मार्ग मला दिसत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट तुमच्याकडेही असेलच. तिच्यात १९ मुद्दे आहेत आणि तीन टप्पे: भूल देण्याआधी, चीर देण्याआधी, रुग्ण बाहेर जाण्याआधी. २००९ च्या आठ रुग्णालयांच्या अभ्यासात ती वापरल्यावर मृत्यूंचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आलं होतं. पण स्क्रब सिस्टर ट्रॉली लावते आहे, भूलतज्ज्ञ चार्ट भरत आहेत आणि कुणीतरी एका दमात यादी वाचतंय, असं चाललं तर कनिष्ठांना कळून चुकतं की इथे आपल्या बोलण्याला किंमत नाही. सगळ्यांचे हात थांबू देत. प्रत्येकाने नाव आणि काम सांगावं, सुरुवात सर्वांत कनिष्ठापासून. शेवटी तू विचार, ‘कुणाला काही खटकतंय?’ आणि उत्तरासाठी खरंच थांब.

टीमची खरी परीक्षा काउंटच्या वेळी होते. स्पंज, सुया, इन्स्ट्रुमेंट मोजायची ती चीर देण्याआधी, पोकळी बंद करण्याआधी, त्वचा शिवण्याआधी आणि स्क्रब सिस्टर बदलताना. काउंट जुळत नसेल तर ‘पुन्हा नीट मोजा’ असं खेकसू नकोस. तसं ऐकून घेतलेली सिस्टर पुढच्या वेळी शंका बोलायला कचरते आणि धोका तिथेच सुरू होतो. ‘मी थांबतो आहे, शोधू या,’ असं सर्जननेच म्हणावं. रुग्णाची स्थिती परवानगी देत असेल तर शिवणं थांबवायचं, जखम, ड्रेप (रुग्णावर पसरलेली निर्जंतुक चादर), जमीन, बादली पाहायची, तरीही सापडलं नाही तर एक्स-रे.

लिस्ट लांबली की कोण थांबणार हे रोस्टरने ठरावं. जवळ राहणारी किंवा तक्रार न करणारी व्यक्ती दरवेळी थांबत असेल, तर तीच सर्वांत आधी सोडून जाईल. बदली सुट्टीची तारीख त्याच दिवशी लिहून दे. टेबलवर मृत्यू झाला तर त्याच टीमला लगेच पुढच्या केसला उभं करू नकोस. आधी थोडा वेळ दे, मग एकेकाला वेगळं विचार.

तीन महिन्यांनी निनावी प्रश्नावली दे. ‘समाधानी आहात का?’ या एका प्रश्नातून फारसं कळत नाही. ‘वर्षभरात सोडण्याचा विचार आहे का?’, ‘शंका बोलून दाखवता येते का?’, ‘दिवसातला किती वेळ वस्तू शोधण्यात जातो?’ असं विचार. एखाद्या पदावर पाचांपेक्षा कमी माणसं असतील तर त्यांचे आकडे वेगळे दाखवू नकोस, कारण उत्तर कुणाचं ते लगेच ओळखू येतं. निष्कर्ष दोन आठवड्यांत सगळ्यांसमोर ठेव आणि त्याच बैठकीत त्यातली एक अडचण कोण, कधीपर्यंत सोडवणार ते लिहून घे.