डिस्ट्रोवॉचवर पहिला नंबर सारखा बदलतो. दुकानातल्या जुन्या मशीनवर मग कोणतं लिनक्स घालावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चिपळूणला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान, चार जीबी रॅमची चार मशीन, विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेला. डिस्ट्रोवॉच ही लिनक्सच्या (विंडोजऐवजी घालता येणाऱ्या मोफत सिस्टिमच्या) वेगवेगळ्या प्रकारांची, म्हणजे डिस्ट्रोंची, माहिती देणारी साइट; तिच्या यादीत आधी एमएक्स वर होतं, मग मिंट, मग कॅशीओएस. पहिला नंबर आहे म्हणून कॅशीओएसच घालावं का?

नको. कॅशीओएस वाईट आहे म्हणून नव्हे, तर तो नंबर तुम्ही समजता त्या गोष्टीचा नाही म्हणून.

डिस्ट्रोवॉच २००१ पासून चालू आहे. तिथे प्रत्येक डिस्ट्रोचं एक माहितीपान आहे, आणि ते पान रोज किती जणांनी उघडलं एवढंच ती यादी मोजते. एका आयपी पत्त्याची, म्हणजे एका इंटरनेट जोडणीची, दिवसाला एक नोंद. कोणी काय डाउनलोड केलं, कोण काय वापरतंय, याचा त्यात पत्ता नाही, आणि हे ती साइट स्वतःच सांगते. एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीशी दापोलीच्या गाडीबद्दल किती जणांनी विचारलं यावरून गाडीत किती बसलेत ते कळत नाही, तसंच हे. रोज उबुंटूवर (हीही एक डिस्ट्रो) काम करणारा माणूस उबुंटूचं पान कशाला उघडेल? म्हणूनच इतकं वापरलं जाणारं उबुंटू अलीकडे तिथे पहिल्या पाचाच्या बाहेर दिसतं. शिवाय जे वर असतं त्यावर लोक 'हे काय नवीन?' म्हणून क्लिक करतात, आणि त्या क्लिकनेच ते वर टिकतं.

तरी यादी अगदीच टाकाऊ नाही. वाचायची कशी ते सांगतो. मुख्य पानावर सहसा सहा महिन्यांचा हिशोब दिसतो. तो बदलून बारा महिने, तीन महिने, एक महिना असं पाहता येतं. बारा महिन्यांत आणि एका महिन्यात जागा साधारण तीच असेल, तर लोकांचा रस टिकाऊ आहे. फक्त महिन्याच्या यादीत उडी मारली असेल तर बहुतेक नवी आवृत्ती आलेली असते किंवा एखाद्या यूट्यूबरने व्हिडिओ टाकलेला असतो.

खरी चाल मात्र वर्षांच्या अंतराने दिसते. सुरुवातीला मँड्रेक वर होतं. २००५ पासून पाचसहा वर्षं उबुंटू. २०११ च्या एप्रिलमध्ये उबुंटूने युनिटी ही नवी डेस्कटॉप मांडणी आणली, त्याच महिन्यात ग्नोम ३ ही दुसरी नवी मांडणी आली, आणि जुनी मांडणी हवी असलेले लोक मिंटकडे वळले. त्या वर्षी मिंट वर गेलं आणि बरीच वर्षं राहिलं. पुढे एमएक्स, पुन्हा मिंट, आणि २०२५ मध्ये कॅशीओएस. यातली मँड्रेकची कंपनी, म्हणजे नंतरची मँड्रिव्हा, २०१५ मध्ये बंद पडली. अँटेरगॉस मे २०१९ मध्ये थांबलं आणि त्याच्याच लोकांतून एंडेव्हरओएस उभं राहिलं. इंटेलसारख्या कंपनीनेही क्लिअर लिनक्स जुलै २०२५ मध्ये एका घोषणेसरशी बंद केलं. तेव्हा नंबर बघण्याआधी वंशावळ बघा. मिंट हे उबुंटूवर आणि उबुंटू डेबियनवर, एमएक्स थेट डेबियनवर, तर मांजारो, एंडेव्हर, कॅशीओएस ही सगळी आर्चवर. वरची पाटी बदलते, खालची दोनतीन घराणी तीच राहतात.

आता तुमची मशीन. कॅशीओएसचं नाव झालं ते वेगामुळे: त्याची पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे तयार गठ्ठे) नव्या प्रोसेसरसाठी वेगळी कंपाइल केलेली, म्हणजे मूळ कोडवरून बनवलेली, असतात, आणि त्यासाठी प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ हा आज्ञांचा संच लागतो. तो इंटेलमध्ये २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून आला, पण दुकानांतून सर्रास दिसणाऱ्या पेंटियम-सेलेरॉनमध्ये त्यानंतरही बरीच वर्षं नव्हता. अशा मशीनवर कॅशीओएस चालेल, पण साध्या पॅकेजेसवर. म्हणजे ज्यासाठी घेतलं तेच मिळणार नाही.

दुसरं, आर्च घराण्यात अपडेट सतत येत राहतात. मोबाइलच्या नेटवर चार मशीनना ते परवडत नाही. आणि एखादं मशीन चार-पाच महिने बंद ठेवून मग अपडेट केलं, तर पॅकेजेसवरच्या डिजिटल सह्या तपासणाऱ्या किल्ल्या जुन्या झालेल्या असतात आणि पॅकमन (आर्चचं अपडेट करणारं साधन) प्रत्येक पॅकेज 'सही अवैध' म्हणून नाकारतो. उपाय सोपा आहे, आधी आर्चचं कीरिंग, म्हणजे त्या किल्ल्यांचं, पॅकेज नवं करून लगेच पूर्ण अपडेट. पण काउंटरवर सातबाऱ्याच्या प्रिंटसाठी रांग असताना हे कोण करत बसणार?

माझं मत: मिंट २२ ची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉप मांडणीची) आवृत्ती. ती उबुंटू २४.०४ वर आहे आणि सुरक्षा अपडेट २०२९ पर्यंत. दुसरी पसंती एमएक्स. पण त्याआधी प्रत्येक मशीनची जुनी हार्डडिस्क काढून २४० जीबीची एसएसडी टाका, जमल्यास रॅम आठ जीबी करा. डिस्ट्रो बदलून मिळत नाही तेवढा फरक त्याने पडतो.

आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलची फाइल, टॉरंटने उतरवा. नेट मधेच गेलं तरी टॉरंट तिथूनच पुढे चालतं आणि तुकडे स्वतः तपासतं. थेट डाउनलोड केलंत तर एसएचए-२५६ बेरीज (फाइल नीट उतरली का ते दाखवणारा आकडा) साइटवरच्या आकड्याशी जुळवाच. इन्स्टॉल अर्ध्यावर अडकण्याचं कारण पुष्कळदा खराब उतरलेली फाइल किंवा मरणपंथाला लागलेला पेनड्राइव्ह असतं. आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. त्यावर व्हेंटॉय (एकाच पेनड्राइव्हवरून अनेक आयएसओ चालवणारं साधन) घातलंत तर मिंट आणि एमएक्स दोन्ही आयएसओ एकाच वेळी मावतात.

डिस्कला हात लावण्यापूर्वी लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच, चालवून प्रिंटर बघा, कारण तुमचा धंदा त्यावर आहे. एचपी १०२० ला एचपीलिपचं (एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचं) वेगळं प्लगइन लागतं, आणि त्याचा आवृत्ती क्रमांक एचपीलिपशी तंतोतंत जुळावा लागतो. अपडेटनंतर हा प्रिंटर मुका झाला तर केबल बदलू नका, प्लगइन पुन्हा घाला. कॅनन एलबीपी २९०० हे खरं दुखणं. त्याचा कॅप्ट ड्रायव्हर जुनाट, ३२ बिटची लायब्ररी मागणारा; कॅप्टड्रायव्हर नावाचा मुक्त पर्याय आहे, पण तो स्वतः कंपाइल करावा लागतो. तोच प्रिंटर असेल तर तो एका विंडोज मशीनला जोडलेला बरा. अंगठा घेणाऱ्या यंत्राची आरडी सर्व्हिस (ते यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर) लिनक्सवर आहे का, हे कंपनीला विचारा. उत्तर गोलमोल आलं तर तेही त्याच मशीनवर. श्रीलिपी या विंडोजवरच्या सॉफ्टवेअरमधल्या लग्नपत्रिकाही तिथेच. म्हणजे तीन मशीन लिनक्स, एक विंडोज.

मराठी टायपिंगसाठी कीबोर्ड लेआउटमध्ये 'मराठी एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट' जोडा. फोनेटिकची सवय असेल तर त्याच यादीत कागापा नावाचा लेआउट आहे.

तीन मशीनना तेच अपडेट तीनदा उतरवू नका. मिंट आणि एमएक्समध्ये पॅकेजेस उतरवण्याचं काम अ‍ॅप्ट हे साधन करतं. एका मशीनवर अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी घाला आणि बाकीच्यांना अ‍ॅप्टची प्रॉक्सी (मधला दुवा) म्हणून त्याचा पत्ता आणि पोर्ट ३१४२ द्या. पॅकेज एकदाच नेटवरून येतं, पुढे दुकानातल्या दुकानात फिरतं.

पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून अपडेट यूपीएस चालू असतानाच. मधेच गेली तर अ‍ॅप्ट तक्रार करेल. तेव्हा डीपीकेजीला (पॅकेजेस प्रत्यक्ष बसवणाऱ्या साधनाला) कॉन्फिगरचा आदेश देऊन अर्धवट राहिलेली पॅकेजेस पूर्ण करा, मग अ‍ॅप्टचा तुटलेलं जोडण्याचा पर्याय चालवा. मशीन सुरूच होत नसेल तर ग्रबच्या (मशीन सुरू होताना येणाऱ्या यादीच्या) प्रगत पर्यायांतून जुना कर्नल, म्हणजे लिनक्सचा आधीचा गाभा, निवडा. टाइमशिफ्ट (सिस्टिम आधीच्या स्थितीत परत नेणारं साधन) चालू ठेवा, पण ते सिस्टिमपुरतं आहे, ग्राहकांच्या फाइली त्यात येत नाहीत. त्या बाहेरच्या डिस्कवर, आणि ती डिस्क वरच्या मजल्यावर. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळूणच्या बाजारपेठेत याचं कारण कोणाला सांगायला नको.