पोटाचं ऑपरेशन, पण पोटात न जाता?

प्रश्न: डॉक्टर, माझ्या बाबांनी कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाची हमाली केली, आता उजव्या जांघेत हर्निया झालाय. सर्जन म्हणतात दुर्बिणीनं करू पण पोटात शिरणार नाही, पेरिटोनियमच्या बाहेरच जाळी बसवू. बाबा विचारतात, पोटात नाही तर मग शिरणार कुठं? - एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: ताई, बाबांचा प्रश्न एकदम बरोबर आहे. त्यांना साखरेचं पोतं आठवायला सांगा, बाहेर पोतं आणि आत प्लास्टिकची पिशवी. पोतं म्हणजे पोटाचे स्नायू, पिशवी म्हणजे पेरिटोनियम, आणि आतडी त्या पिशवीत. हर्नियात पोत्याला भोक पडतं आणि तिथनं पिशवी फुगून बाहेर येते. तुमचे सर्जन बेंबीखाली छोटा छेद घेऊन पोतं आणि पिशवी यांच्या मधेच शिरणार, तिथं गॅस भरून जागा मोठी करणार आणि आतल्या बाजूनं भोकावर जाळी पसरणार, साधारण 10 बाय 15 सेंटीमीटरची. पोटाचा दाबच मग जाळीला भिंतीवर दाबून धरतो आणि आतडी जाळीला थेट लागत नाहीत, मला ही पद्धत आवडते ती यासाठीच.

ही जागा काही नवी नाही. ओटीपोटातल्या हाडामागं, लघवीच्या पिशवीपुढं जी पोकळी आहे तिला स्वीडनच्या अँडर्स रेट्झियस यांचं नाव आहे, आणि तिच्या बाजूची बोग्रोची. फ्रान्सच्या बोग्रो यांनी 1823 साली तिच्याबद्दल लिहिलं तेव्हा हर्नियाच्या जाळीचा विचारही नव्हता, पेरिटोनियम न उघडता मांडीकडं जाणाऱ्या रक्तवाहिनीपर्यंत पोचायचं कसं हा त्यांचा प्रश्न होता. पेरिटोनियमच्या मागच्या बाजूलाही अशीच जागा आहे, किडन्या, स्वादुपिंडाचा बहुतेक भाग आणि शरीरातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी तिथंच, म्हणून मुतखडा कमरेत दुखतो आणि किडनीचं ऑपरेशन पाठीकडनंही करता येतं.

ऑपरेशनला जाताना लघवी करून जायला सांगतील ते जरूर पाळा, भरलेली लघवीची पिशवी नेमकी त्याच जागेत वर येते. कधीकधी पेरिटोनियमला बारीक भोक पडतं आणि गॅस आत जातो, ते बंद करता येतं, नाहीच जमलं तर सर्जन पद्धत बदलतात, त्यात घाबरण्यासारखं नाही. आणि बाबांचं पूर्वी प्रोस्टेटचं किंवा ओटीपोटाचं ऑपरेशन झालं असेल तर ते सर्जनना आधी सांगा, कारण मग हे थर एकमेकांना चिकटलेले असतात आणि मधनं वाट काढणं अवघड जातं.