गोळी लागली नाही, म्हणून हक्क नाही?

"गोळी लागली असती तर बरं झालं असतं वो मॅडम."

शिरोळ तालुक्यातले हे लष्करातले माजी हवालदार खुर्चीवर टेकायच्या आधीच बोलले. पिशवीतून त्यांनी चार घड्यांचं पत्र काढलं, घड्यांवर विरलेलं. 2021 साली रिटायर होताना मेडिकल बोर्डानं रक्तदाबाचं 30 टक्के अपंगत्व मानलं, पण आजार सेवेमुळे झालेला नाही, सेवेत बळावलेलाही नाही, असा शेरा मारला. डिसॅबिलिटी पेन्शन, म्हणजे सेवेमुळे आलेल्या किंवा बळावलेल्या अपंगत्वासाठीची पेन्शन, नामंजूर. गावात सगळे त्यांना मेजर म्हणतात. सरकारनं आपल्याला खोटं ठरवलं, असं वाटून त्यांनी वर्षभर ते पत्र बायकोलाही दाखवलं नव्हतं.

ही सल घेऊन अपिलासाठी माझ्याकडे अनेक माजी सैनिक येतात. मी पत्र बाजूला ठेवलं. "भरतीच्या मेडिकलला रक्तदाब निघाला होता का?"

"छे! पळण्यात पहिला होतो मी."

अपिलात या उत्तराला फार वजन आहे. धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये सांगितलं की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेत झाला असं धरायचं. तसं नाही हे दाखवायचा भार सरकारवर असतो, सैनिकावर काही सिद्ध करायचा नाही, आणि बोर्डानं कारण दिलंच पाहिजे. यांच्या बोर्डाचं कारण काय? 'पीस स्टेशनला सुरू झाला.' म्हणजे शांत भागातल्या नेमणुकीत. बस्स. त्याआधीची काश्मीरमधली फील्ड पोस्टिंग कुणी पाहिलीच नव्हती.

पहिलं अपील 6 महिन्यांत करायचं असतं. उशिराचं खरं कारण आम्ही अर्जातच लिहिलं. ते फेटाळलं तर दुसरं अपील, मग सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. तिथं एक न्यायिक सदस्य आणि लष्करी अनुभव असलेला एक सदस्य ऐकतात. हक्क मान्य झाला, तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या राम अवतार निकालानुसार पेन्शनसाठी 30 टक्के हे 50 टक्के धरले जातात. मी निकालाची खात्री कुणालाच देत नाही. सप्टेंबर 2023 पासून नियमही बदललेत, त्यामुळे रिटायरमेंटची तारीख आधी बघावी लागते.

पहिलं अपील फेटाळलं गेलं. ते पत्र घेऊन आले तेव्हा सोबत वहिनी होत्या. फाईल त्यांच्याच हातात होती, प्रत्येक पोस्टिंगचा कागद सालवार लावलेला.

"दुसरं कधी टाकायचं?" वहिनींनीच विचारलं.