टायमिंग बेल्टसोबत आणखी काय बदलावे?

प्रश्न : माझ्या ट्रकचा टायमिंग बेल्ट (इंजिनातील व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या हालचालीशी जुळवून ठेवणारा पट्टा) बदलण्याची वेळ आली आहे. वॉटर पंप गळत नसतानाही मेकॅनिक तो बदलण्याचा आग्रह धरतो. हा खर्च आवश्यक आहे का?

उत्तर : अनेक अवजड ट्रकच्या इंजिनांत बेल्टऐवजी गिअर असतात, पण आपल्या इंजिनात बेल्ट आहे, असे गृहीत धरतो. पंप त्याच बेल्टवर फिरत असेल, तर मेकॅनिकचा आग्रह योग्य आहे, कारण या कामात खरा खर्च सुट्या भागांपेक्षा मजुरीचा असतो आणि पंप पुढे बिघडल्यास तीच सारी खोलाखोल पुन्हा करावी लागते. शिवाय पंपाचे बेअरिंग जाम झाले, तर नवा बेल्टही तुटू शकतो. आणि ज्या इंजिनांत व्हॉल्व्ह व पिस्टन एकमेकांवर आदळण्याइतके जवळ येतात, तेथे बेल्ट तुटल्यास व्हॉल्व्ह वाकतात. बेल्ट ताणून ठेवणारा टेन्शनर आणि बेल्टला वाट देणारी आयडलर पुली यांना मात्र बदलताना पंपापेक्षाही अधिक प्राधान्य द्यावे. त्यांवर काटकसर करणे मला मुळीच पटत नाही. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) व क्रँकशाफ्ट (पिस्टनमुळे फिरणारा मुख्य दांडा) यांच्या पुढच्या ऑइल सीलमधून तेल पाझरत असल्यास तीही बदलावीत, कारण तेलाने बेल्टचे रबर खराब होते. पंप काढताना कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रावण) सांडतेच, तेव्हा ते नवे भरून प्रणालीतील हवा काढावी. जोडणीनंतर स्टार्टर मारण्यापूर्वी क्रँकशाफ्ट हाताने पूर्ण 2 फेरे फिरवून टायमिंगच्या खुणा पुन्हा जुळतात की नाही, हे मेकॅनिककडून आपल्यासमोर तपासून घ्यावे.