दहाव्या गणितावर अडकलात, पण दोष हॅस्केलचा नाही

हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला तुमचा प्रोग्राम उत्तरच देत नाही, ही तुमची पोस्ट वाचली आणि माझा 2019 चा पावसाळा आठवला. प्रोजेक्ट ऑयलरचं (प्रोग्राम लिहून सोडवायच्या गणितांची वेबसाइट) हेच दहावं गणित, 20 लाखांखालच्या मूळ संख्यांची बेरीज, आणि रात्रभर लॅपटॉप चालू ठेवूनही उत्तर नाही. हॅस्केल सोडून पायथन धरू का, असं विचारलंय तुम्ही. नका सोडू.

रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) वगैरे तुम्हाला येतंच आहे, त्यात शिरत नाही. घोळ मूळ संख्या शोधणाऱ्या त्या दोन ओळींच्या 'चाळणी'त आहे. पहिली संख्या घ्या, तिने भाग जाणाऱ्या गाळा, उरलेल्या यादीवर पुन्हा तेच. दिसते सुरेख, म्हणून मीही तशीच उचलली. पण ही एराटोस्थेनिस या प्राचीन ग्रीक गणितज्ञाची चाळणी नव्हेच! शाळेत आपण 1 ते 100 च्या तक्त्यावर पाढे म्हणत काट मारत गेलो, भागाकार एकही केला नाही. इथे प्रत्येक मूळ संख्येला तिच्याआधीच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघितलं जातं. 20 लाखांखाली मूळ संख्या आहेत 1,48,933. म्हणजे शेवटच्या एकीसाठी 1,48,932 भागाकार. 20 लाखांच्या वर्गमूळाशी, म्हणजे 1,414 पाशी थांबलात तर 223 पुरतात.

नाव चाळणी, म्हणून मी कधी तपासलंच नाही. त्यात एका क्लासमध्ये विचारायला गेलो, तर कोड न बघताच 'ही भाषा नोकरीच्या कामाची नाही, जावाची बॅच घ्या' म्हणाले. फी भरली. आठ महिने हॅस्केल बंद. त्याचा राग अजून आहे. शिकणाऱ्याचा कोड आधी वाचावा, एवढी साधी अपेक्षा होती.

मी बँकेत नोकरी करतो, प्रोग्रामर नाही, तेव्हा जाणकारांनी दुरुस्त करावं. पण माझ्या मते वर्गमूळाची अट घालून, ऑप्टिमायझेशनसह (कोड वेगवान करून घेणारा पर्याय लावून) कंपाइल केलंत की काही सेकंदांत उत्तर येईल. बेरीज फोल्ड-एलने (यादी एकेक करून गोळा करणारं फंक्शन, foldl) करत असाल तर अपॉस्ट्रॉफीवाला, foldl', घ्या. साध्यात न केलेल्या बेरजा मेमरीत साचत जातात.

आणि मध्येच कंटाळा आला तर देवळालीच्या कापरेकर गुरुजींचा, त्या गणितवेड्या शिक्षकांचा, 6174 करून बघा. चार अंकी संख्येचे अंक एकदा उतरत्या क्रमाने लिहा, एकदा चढत्या क्रमाने, मोठीतून लहान वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच. चारही अंक सारखे नसतील तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174. मुलुंड ते सीएसएमटी लोकलमध्ये मी ते आधी वहीत केलं, आणि 'इटरेट', म्हणजे एकच फंक्शन उत्तरावर पुन्हा पुन्हा लावणारं हॅस्केलचं फंक्शन, मला तिथेच कळलं.

तुमचा मूळ संख्यांचा भाग इथे टाका. उद्या मेगाब्लॉक आहे, घरीच आहे, बघतो.