अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजला कॉम्प्युटर शिकायला गेलेल्या भाच्याला इतिहास आणि भाषणकला कशाला? आणि असले विषय मुलं खरंच शिकली का, हे तपासतं कोण?

भाच्याचं वेळापत्रक बघून तुम्ही चक्रावलात यात नवल नाही. मी सांगलीची. बारावी सायन्स झाल्यावर इतिहासाचं पुस्तक पुन्हा म्हणून उघडलं नाही. आता कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, आणि माझ्या वर्गातली बरीचशी मंडळी केवळ 'जनरल एज्युकेशनची अट' (मुख्य विषय कोणताही असो, सगळ्यांनी घ्यायचे सर्वसाधारण विषय) म्हणून आलेली असतात. तुमच्या भाच्यासारखी नाक मुरडत आलेली मुलं म्हणजे माझं रोजचं गिऱ्हाईक.

हिशोब साधा आहे. दोन वर्षांची असोसिएट पदवी साधारण 60 युनिटची (म्हणजे श्रेयांकांची). इथून युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया (यूसी) किंवा कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीला (कॅल स्टेट) तिसऱ्या वर्षाला जायचं तर 'कॅल-जीईटीसी' नावाचा जनरल एज्युकेशनचा 34 युनिटचा साचा आहे. तो 2025 च्या फॉल सत्रापासून लागू झाला. त्यात इंग्रजी लेखन, चिकित्सक विचार, भाषणकला, एक गणित, दोन कला-मानव्यविद्या, दोन सामाजिक शास्त्रं, दोन विज्ञानं (एकाला प्रयोगशाळा हवी) आणि एथ्निक स्टडीज (अमेरिकेतल्या वांशिक समूहांचा अभ्यास) असं सगळं येतं. पूर्वी यूसी आणि कॅल स्टेटचे नियम वेगवेगळे होते, मुलं दोन्हीकडचं सांभाळताना नको ते विषय घेऊन बसायची. मात्र भाचा यूसीला इंजिनिअरिंगकडे जाणार असेल तर बरेचदा आधी मेजरचं, म्हणजे मुख्य विषयाला लागणारं, गणित-भौतिकशास्त्र उरकायला सांगतात. हे कॉलेजच्या समुपदेशकाला विचारा, रूममेटला नको.

आता तपासणीचं. परीक्षा आणि ग्रेड असतातच, पण त्याशिवाय एक वेगळी भानगड असते. इथल्या कॉलेजांना मान्यता देणारी एसीसीजेसी नावाची संस्था आहे, तिची मान्यता गेली तर विद्यार्थ्यांची सरकारी आर्थिक मदतही जाते. तिने 2002 पासून विचारायला सुरुवात केली की, मुलं पास झाली ते कळलं, पण तुमच्या कोर्समधून नेमकं काय करायला शिकली ते दाखवा. ग्रेड विद्यार्थ्याबद्दल सांगते. ही तपासणी माझ्याबद्दल सांगते, आणि म्हणूनच ती मास्तर लोकांना आवडत नाही.

माझंच उदाहरण देते. एकदा पेपरात विचारलं: औषधाच्या चाचणीत पी-व्हॅल्यू 0.03 आली, तर रुग्णाच्या नातेवाइकाला कळेल असा तिचा अर्थ एका वाक्यात लिहा. आकडेमोड जवळजवळ सगळ्यांची बरोबर होती. वाक्य मात्र बहुतेकांनी असं लिहिलं: 'औषध निकामी असण्याची शक्यता 3 टक्के.' साफ चूक. खरा अर्थ असा की, औषधाचा काहीच गुण नसता तरीसुद्धा इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता 3 टक्के. हे चुकवणाऱ्यांत 'ए' ग्रेडवालेही होते! एकूण गुणांच्या बेरजेत ती चूक विरघळून जायची, त्या एका प्रश्नाचे कागद वेगळे काढले तेव्हा दिसली. पुढच्या सत्रात मी सूत्राआधी पत्ते आणले. रुग्णांचे निकाल कार्डांवर लिहायचे, पिसायचे, दोन ढिगांत वाटायचे, फरक मोजायचा, पुन्हा पिसायचे. नर्सिंगला जाणारी चाळिशीची एक बाई दहाव्यांदा पिसताना म्हणाली, "म्हणजे औषध नसतानाही कधीकधी एवढा फरक पडतोच की!" नंतरची वाक्यं सुधारली. सगळ्यांची नाही.

अनेक विषयांत मुरणारी कौशल्यं तपासायची तर दुसरी रीत आहे. निरनिराळ्या विषयांचे शिक्षक दुपारभर एकत्र बसतात आणि नावं काढलेले निबंध 1 ते 4 च्या मोजपट्टीवर तपासतात. 2009 साली आलेल्या 'व्हॅल्यू रूब्रिक' नावाच्या अशा तयार मोजपट्ट्या देशभर वापरल्या जातात, आम्हीही त्यातलीच चिकित्सक विचाराची घेतली होती. एकाच निबंधाला इंग्रजीच्या बाईंनी 3 दिला, मी 1. त्यांना युक्तिवादाची बांधणी दिसत होती, मला दिसत होतं की पोराने इंटरनेटवरचा एक आकडा डोळे मिटून उचललाय. तासभर भांडलो. शेवटी दोघींनी आपापल्या असाइनमेंटमध्ये एक ओळ घातली: आकडा देशील तर तो कोणी आणि कसा मोजला तेही लिही.

पण दरवेळी असं होत नाही. आधीच्या एका कॉलेजात हे सगळं एका एक्सेल शीटवर आलं होतं. '72 टक्के विद्यार्थ्यांनी उद्दिष्ट गाठले, सुधारणा: आवश्यक नाही' एवढं भरायचं आणि विसरायचं. इथले पुष्कळ कोर्स अर्धवेळ शिक्षक चालवतात, ते दोन-तीन कॉलेजांत गाडी पळवत असतात. त्यांनी बिनपगारी मीटिंगला यावं ही अपेक्षाच चुकीची. पुण्यात शिकवणाऱ्या मैत्रिणीला हे फोनवर सांगितलं तर ती हसतच सुटली. तिकडच्या कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी सीओ-पीओचे (कोर्सची आणि पदवीची उद्दिष्टं जुळवण्याचे) तक्ते भरता भरता तिचीही रविवार दुपार चालली होती.

भाच्याला एवढंच सांगा: पहिल्या दिवशी मिळणाऱ्या सिलॅबसमध्ये 'स्टुडंट लर्निंग आउटकम्स' (कोर्स संपल्यावर काय करता यायला हवं) म्हणून दोन-चार ओळी असतात. त्या वाच आणि पुढे बघ, परीक्षा-असाइनमेंटमध्ये तेच करायला लावतात का. लावत नसतील तर विषय बदलायची मुदत संपायच्या आत दुसऱ्या शिक्षकाचा वर्ग शोध. आणि भाषणकला शेवटच्या सत्रावर ढकलू नकोस, तेव्हा जागा मिळत नाहीत आणि मग सकाळी आठचा वर्ग पदरात पडतो.